हजारात तीन: रक्तदाते आणि 'सी' प्रकारची कावीळ

रक्तदान शिबिरे आपल्याकडे आता नवीन राहिलेली नाहीत. गणेशोत्सव असो, शिवजयंती असो, आंबेडकर जयंती असो, शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात खाटा मांडल्या जातात. अर्ज भरायचा, बोटाला टोचून हिमोग्लोबिन तपासून घ्यायचे, खाटेवर पडायचे. दहा मिनिटांत पिशवी भरते. मग चहा-बिस्किटे आणि प्रमाणपत्र. पिशवी रक्तपेढीत जाते आणि तिचा आपला संबंध संपतो. निदान आपल्याला तसे वाटते.

समजा, पंधरा दिवसांनी अशाच एका शिबिरात रक्त दिलेल्या शिक्षकांना रक्तपेढीतून फोन येतो. 'सर, तुमच्या रक्ताची एक चाचणी पुन्हा करायला हवी. एकदा येऊन जाल का?' गेल्यावर कळते की, हिपॅटायटिस सी या रोगाची चाचणी 'रिअ‍ॅक्टिव्ह' आली आहे. सर धडधाकट आहेत. कधी कावीळ झाल्याचे त्यांना आठवत नाही. त्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो: मला खरेच हा आजार आहे का?

या प्रश्नाचे उत्तर केवळ त्यांच्या रक्तात नाही. ते आणखी एका प्रश्नाच्या उत्तरात दडलेले आहे: रक्तदात्यांमध्ये हा आजार मुळात किती आढळतो? एका माणसाच्या अहवालाचा अर्थ लावायला हजारो माणसांची आकडेवारी का लागते, ते या लेखात पाहू. त्यासाठी दहावीच्या गणितापेक्षा जास्त काही लागणार नाही.

नाव नसलेली कावीळ

यकृताला सूज आणणारे विषाणू अनेक आहेत. 'ए' प्रकारचा विषाणू दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो, 'बी' प्रकारचा मुख्यतः रक्तातून, शरीरद्रवांतून व आईकडून बाळाला. १९७५ च्या सुमारास या दोन्ही विषाणूंच्या चाचण्या हाती आल्या होत्या. अमेरिकेत हार्वे ऑल्टर आणि त्यांचे सहकारी हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रक्त दिलेल्या रुग्णांचा अभ्यास करत होते. रक्त घेतल्यानंतर काही आठवड्यांनी यातल्या बऱ्याच रुग्णांच्या यकृताला सूज येत असे. चाचण्या केल्या तर ना 'ए' सापडे, ना 'बी'. म्हणून या आजाराला नाव पडले 'ए नव्हे, बी नव्हे' अशी कावीळ. काय नाही एवढेच ठाऊक असलेल्या रोगाचे हे नाव चौदा वर्षे टिकले.

विषाणू दिसत नव्हता तरी एक उपाय मात्र सापडला होता. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांचे रक्त घेणे थांबवून स्वेच्छेने देणाऱ्यांचेच घेतले आणि 'बी'ची चाचणी केली, की रक्तातून होणाऱ्या काविळीचे प्रमाण मोठ्या फरकाने खाली येत होते. रक्त कोणाकडून घेतले जाते, यावर ते किती सुरक्षित आहे हे अवलंबून असते, हा धडा तेव्हाच मिळाला.

१९८९ मध्ये मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि डॅनियल ब्रॅडली यांनी या विषाणूचा शोध जाहीर केला. तो त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला नव्हता. बाधित चिंपांझीच्या रक्तातून जनुकीय तुकडे वेगळे करून त्यांनी त्याचा माग काढला होता. विषाणूला 'हिपॅटायटिस सी' हे नाव मिळाले. पाठोपाठ त्याची चाचणी आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अनेक प्रगत देशांनी दात्यांचे रक्त तपासायला सुरुवात केली. या कामासाठी ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदानावर बंदी आली. हिपॅटायटिस सीची चाचणी २००१-०२ च्या सुमारास सक्तीची झाली. आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच रोगांसाठी तपासणी केल्याशिवाय ती रुग्णाला देता येत नाही.

हजारात तीन म्हणजे थोडे की फार?

देशभरातील रक्तपेढ्यांची एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत हिपॅटायटिस सीच्या चाचणीत रिअ‍ॅक्टिव्ह ठरलेल्या रक्ताचे प्रमाण शेकडा ०.३४ होते. म्हणजे हजारात तीन ते चार. श्रीमंत देशांत हे प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी असते. गरीब देशांत ते शेकडा एकपर्यंत जाते.

हजारात तीन हे ऐकायला किरकोळ वाटते. पण रक्त कोणाला मिळते, तेही पाहिले पाहिजे. थॅलसेमिया झालेल्या मुलाला जगण्यासाठी दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते. वर्षाला २५ पिशव्या धरल्या तर दहा वर्षांत २५० होतात. आता अशी कल्पना करा की, रक्त तपासलेच जात नाही आणि दर ३०० पिशव्यांमागे एक पिशवी बाधित आहे. एक पिशवी निर्धोक असण्याची शक्यता २९९/३०० झाली. अडीचशेच्या अडीचशे पिशव्या निर्धोक असण्याची शक्यता काढायची, तर हा अपूर्णांक स्वतःशीच २५० वेळा गुणावा लागेल. गणकयंत्रावर करून पाहा. उत्तर ०.४३ येते. म्हणजे त्या मुलाला दहा वर्षांत एक तरी बाधित पिशवी मिळण्याची शक्यता शेकडा ५७! निम्म्याहून अधिक.

दात्याच्या बाजूने पाहिले तर 'हजारात तीन', घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर 'दोघांत एक'. आकडा तोच आहे, फक्त तो कोणाच्या वाट्याला किती वेळा येतो, हे बदलले. म्हणूनच प्रत्येक पिशवी तपासायची, आणि शंका आली तर पिशवी टाकून द्यायची. रक्तपेढीचा हा नियम कडक आहे आणि तो तसाच असायला हवा. पण या कडकपणाचा एक परिणाम दात्यावरही होतो. तो समजण्यासाठी एक कृती करू.

आलेखाच्या कागदावर दहा हजार दाते

आलेखाचा कागद घ्या. त्यावर १० सेंटिमीटर बाजूचा चौरस आखा. त्यात १ मिलिमीटरचे १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० बारीक चौकोन आहेत. प्रत्येक चौकोन म्हणजे एक रक्तदाता.

आता मानू की, दहा हजारांपैकी ३० जण खरोखर बाधित आहेत. वाटेल तिथले ३० चौकोन लाल रंगवा. चाचणी या तिसांपैकी एकालाही सोडत नाही, असे धरू.

उरले ९,९७० निरोगी दाते. चाचणी कितीही चांगली असली तरी क्वचित निरोगी माणसालाही ती रिअ‍ॅक्टिव्ह ठरवते. रक्तातील दुसरी एखादी प्रथिने चाचणीतील पदार्थाला चिकटतात आणि फसगत होते. अशी चूक हजारात फक्त दोनदा होते असे धरा. ही फार चांगली चाचणी झाली. तरीही ९,९७० मध्ये सुमारे २० जण चुकून सापडतील. वीस चौकोन निळे रंगवा.

आता कागदाकडे पाहा. रंगवलेले चौकोन ५०, त्यातले खरे बाधित ३०. म्हणजे रक्तपेढीतून फोन आलेल्या दर पाच जणांपैकी दोघांना हा आजार नाहीच! चाचणी हजारात ९९८ वेळा निरोग्याला निरोगी म्हणते, तरीही ही स्थिती.

विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. 'सर, चाचणी इतकी अचूक आहे, मग इतक्या चुका कशा?' त्यांना दुसरा कागद द्या. हा कागद म्हणजे यकृताच्या आजारासाठी रुग्णालयात आलेल्या दहा हजार रुग्णांचा. यांच्यात ३,००० जण खरे बाधित आहेत असे माना. उरलेल्या ७,००० निरोग्यांपैकी हजारी दोन या हिशेबाने १४ जण चुकून सापडतील. इथे रिअ‍ॅक्टिव्ह आलेले ३,०१४ आणि त्यात खरे ३,०००. म्हणजे जवळजवळ सगळेच खरे.

चाचणी तीच, चुकांचे प्रमाणही तेच. बदलला तो फक्त समूह. जिथे रोग विरळ असतो, तिथे निरोगी माणसे इतकी जास्त असतात की, त्यांच्यातल्या अगदी क्वचित होणाऱ्या चुकाही खऱ्या रुग्णांच्या बरोबरीला येतात. भुसा फार आणि दाणे थोडे असले की, चाळणीतून थोडा भुसाही दाण्यांबरोबर येतो, तसेच हे.

(इथले ३० आणि २० हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात ते चाचणीच्या बनावटीनुसार आणि प्रदेशानुसार बदलतात.)

मग सरांनी काय करायचे?

घाबरायचे नाही आणि दुर्लक्षही करायचे नाही. रक्तपेढीतील नेहमीची चाचणी विषाणू शोधत नाही. विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ती शोधते. प्रतिपिंडे म्हणजे चोर येऊन गेल्याच्या पाऊलखुणा. चोर अजून घरात आहे का, ते पाऊलखुणांवरून कळत नाही. हिपॅटायटिस सीची लागण झालेल्यांपैकी साधारण तीस टक्के लोकांचे शरीर सहा महिन्यांच्या आत विषाणूला आपणहून हुसकावून लावते. प्रतिपिंडे मात्र पुढे अनेक वर्षे राहतात.

म्हणून रिअ‍ॅक्टिव्ह अहवालाचे तीन अर्थ होऊ शकतात. एक, चाचणीची चूक. दोन, लागण होऊन गेली, आता विषाणू नाही. तीन, विषाणू आजही रक्तात आहे. यांपैकी तिसरी शक्यता खरी की खोटी हे ठरवणारी चाचणी वेगळी आहे. ती विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य शोधते. सरांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ही दुसरी चाचणी करून घ्यायला हवी.

तिसरी शक्यता खरी निघाली तर ते आधी कळणे हे भाग्यच म्हणायचे. हा विषाणू वर्षानुवर्षे गाजावाजा न करता यकृतात राहतो. जुनाट लागण असलेल्यांपैकी शेकडा १५ ते ३० जणांना वीस वर्षांच्या आत यकृताचा सिऱ्हॉसिस होण्याचा धोका असतो, आणि काहींना पुढे कर्करोग होतो. पूर्वी यावरचे उपचार लांबलचक, त्रासाचे आणि अनेकदा निष्फळ असत. २०१३ नंतर विषाणूवर थेट काम करणारी तोंडाने घ्यायची औषधे आली. साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरातील ९५ हून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ मध्ये भारताने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

या रोगावर लस अजून नाही. पण बरा होणारा जुनाट विषाणूरोग म्हणून त्याचे स्थान वेगळेच आहे.

रक्तदाते म्हणजे सगळा समाज नव्हे

वर्तमानपत्रात कधी कधी रक्तपेढीच्या आकड्यावरून 'गावात एवढे रुग्ण' असा निष्कर्ष काढलेला दिसतो. तो सावधपणे वाचायला हवा. दाते हे समाजाचे निवडलेले नमुने असतात. वय १८ ते ६५. आपल्याकडे बहुसंख्य पुरुष. तब्येतीने बरे. ज्यांना काविळीचा किंवा इतर धोक्याचा इतिहास आहे, त्यांना अर्जावरील प्रश्नांतच वगळले जाते. नियमित दात्यांचे रक्त तर आधी अनेकदा तपासलेले असते. शिवाय रक्तपेढी पिशव्या मोजते, माणसे नव्हे. वर्षात तीनदा रक्त देणारा निरोगी दाता तीनदा मोजला जातो.

ही सर्व कारणे आकडा कमी करणारी आहेत. याउलट आलेखाच्या कागदावर आपण पाहिले की, निळे चौकोन आकडा वाढवतात. खरे बाधित दहा हजारांत ३० असताना चाचणीने ५० दाखवले. नात्यातल्या रुग्णासाठी ऐनवेळी रक्त देणाऱ्या बदली दात्यांवर धोका लपवण्याचे दडपण असू शकते, त्यामुळेही आकडा वाढतो.

आपल्या देशात एक गंमत दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये घेतलेल्या रक्तनमुन्यांवरून सर्वसाधारण लोकांत हिपॅटायटिस सीच्या प्रतिपिंडांचे प्रमाण शेकडा ०.३२ आढळले. रक्तदात्यांतील ०.३४ च्या अगदी जवळ! मग दाते हा समाजाचा आरसा ठरला का? लगेच तसे म्हणता येणार नाही. एक चूक आकडा खाली ओढते आणि दुसरी वर. दोन्ही एकमेकींना खोडून काढत असतील, तर उत्तर योगायोगाने बरोबर येऊ शकते. गणितात दोन चुका करून बरोबर उत्तर आणणारा विद्यार्थी आपण सर्वांनीच पाहिलेला आहे.

शिवाय देशाची सरासरी स्थानिक फरक झाकून टाकते. पंजाबात २०१३-१४ मध्ये घरोघर जाऊन केलेल्या एका पाहणीत प्रतिपिंडे शेकडा ३.६ लोकांत आढळली. म्हणजे देशाच्या सरासरीच्या सुमारे दहापट. कारण काय? हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. न उकळलेल्या, पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया हे त्याचे मोठे वाहन आहे.

याचे सर्वांत मोठे आणि दुःखद उदाहरण इजिप्तचे आहे. नाईलच्या कालव्यांतील गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झिया हा कृमिरोग तिथे घरोघर होता. तो घालवण्यासाठी १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत सरकारने मोठी मोहीम चालवली. अँटिमनीयुक्त औषधाची इंजेक्शने गावोगाव शिरेतून दिली गेली, एकेका रुग्णाला अनेक वेळा. सुया आणि सिरिंजा नीट निर्जंतुक होत नव्हत्या. एका रोगाच्या उपचारातून दुसरा रोग पसरला, आणि तोपर्यंत त्या दुसऱ्या रोगाला नावही नव्हते. २००८ मध्ये केलेल्या पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील शेकडा १४.७ लोकांत प्रतिपिंडे आढळली. वय जितके जास्त तितके प्रमाण जास्त, कारण ती इंजेक्शने घेतलेली पिढी वयस्क झाली होती. अशा देशात तरुण दात्यांच्या रक्तावरून सर्व लोकसंख्येचा अंदाज बांधला असता तर रोगाचा मोठा भाग नजरेआड राहिला असता. इजिप्तने २०१८-१९ मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची थेट तपासणी केली आणि सापडलेल्यांना औषधे दिली. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस सीच्या निर्मूलनाच्या वाटचालीबद्दल त्या देशाचा विशेष गौरव केला.

चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे?

शेवटची एक गोष्ट. लागण झाल्यावर प्रतिपिंडे लगेच तयार होत नाहीत. साधारण आठ ते दहा आठवडे लागतात. या मधल्या काळात विषाणू रक्तात असतो पण नेहमीची चाचणी निगेटिव्ह येते. याला 'विंडो पिरियड' म्हणतात. विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी 'नॅट' चाचणी हा काळ एक-दोन आठवड्यांवर आणते. देशातील काही रक्तपेढ्यांत ती केली जाते. पण ती महाग आहे, आणि तीही हा काळ शून्यावर आणू शकत नाही.

म्हणून दात्याने अर्जावर दिलेली खरी उत्तरे ही रक्तपेढीची सर्वांत पहिली आणि सर्वांत स्वस्त चाचणी आहे. अलीकडे गोंदवून घेतले असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते सांगायला संकोच करू नये. 'माझे रक्त तपासून तरी घेऊ' अशा हेतूने रक्तदान करणे तर पूर्ण चुकीचे आहे. शंका असेल त्याने दवाखान्यात तपासणी करावी.

बारावीतील अनेक विद्यार्थी लवकरच अठरा वर्षांचे होतील आणि पहिल्यांदा रक्त देतील. त्यांना शिक्षकांनी काही गोष्टी अवश्य सांगाव्यात. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुईने रक्त देताना दात्याला या रोगाची लागण होत नाही. एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने, एका बाकावर बसल्याने हा रोग पसरत नाही. अर्जावर 'अहवालात काही आढळल्यास कळवावे का?' असा प्रश्न असतो, तिथे 'होय' लिहावे आणि फोन क्रमांक खरा द्यावा. आणि घरात कोणाला २००२ पूर्वी रक्त दिले गेले असेल, तर त्यांनी एकदा ही चाचणी करून घेणे शहाणपणाचे आहे. त्या काळातली पिशवी या रोगासाठी तपासलेली असेलच, असे नाही.

आपल्या सरांचे काय झाले? आपल्या कागदावर त्यांचा चौकोन लाल आहे की निळा, ते दुसऱ्या चाचणीनेच ठरेल. तो निळा असेल तर काळजी मिटली. लाल असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या. वाईट म्हणायचे ते एकच: तो फोन आल्यावर, भीतीने किंवा लाजेने, रक्तपेढीत न जाणे.